एक्केचाळिसावी चूक

१ फेब्रुवारी, शनिवार

सरांनी सांगितलंय की गटातल्या प्रत्येकाने प्रकल्पाची वही ठेवायची आणि शेवटी जमा करायची. ती मी ठेवतेच आहे. ही दुसरी. जमा करायच्या वहीत ‘मला काही कळलं नाही’ असं किती वेळा लिहायचं यालाही मर्यादा आहे, म्हणून ही.

प्रकल्प असा: आमच्या वर्गाचं इयरबुक. कागदावरचं नव्हे, पडद्यावरचं. फोटोवर बोट ठेवलं की माणूस बोलणार, नावावर ठेवलं की त्याची वर्षभरातली कामं उघडणार, आणि बाकीच्यांना त्याच्या पानावर लिहिता येणार. सर याला ‘संवादी’ म्हणतात. मी एकोणीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. पुस्तकं माणसाशी बोलतात असं तिथे पुष्कळ ऐकलं, पण माणसाने पुस्तकाला उलट उत्तर द्यायचं, हे अजून पचलेलं नाही.

गटात आम्ही तिघं. मी, वय चव्वेचाळीस. सिस्टर, म्हणजे रुग्णालयात परिचारिका आहे, तिशीतली, चित्राचा हात फार चांगला. आणि चोवीस वर्षांचा एक जण, जो हे सगळं कॉम्प्युटरला समजावून सांगतो. त्याचं काम दर वेळी कुठल्यातरी एका राहून गेलेल्या अर्धविरामापाशी अडतं, म्हणून मी त्याला अर्धविराम म्हणते. तो मला पूर्णविराम म्हणतो. हिशोब चुकता.

सर म्हणाले, “एक लक्षात ठेवा. वापरणारा गोंधळला तर चूक त्याची नसते, मांडणाऱ्याची असते.” मी उतरवून घेतलं. मग मनात आलं, या वर्गात सगळ्यात गोंधळलेली मी आहे. मग चूक कोणाची?

प्रकल्पाला निम्मे गुण आहेत. हे गेले त्याला या महिन्यात सहा वर्षं होतील, छापखाना बंद झाला त्याला दोन. सध्या वकिलांकडे अर्धा दिवस मसुदे टाइप करते. पाठ्यपुस्तकांच्या एका कंपनीने सांगितलंय, डिप्लोमा घेऊन या, पडद्यावरची पुस्तकं तपासायला माणूस हवाय. म्हणजे नापास होऊन चालणार नाही. एवढं मात्र मला स्वच्छ कळतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

अर्धविरामाने प्रत्येकाच्या पानावर ‘घरची मंडळी’ असा रकाना आखला होता. जोडीदार, मुलं, वगैरे. सिस्टरने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

“अरे, तो नको ना.”

“का? चांगला... अच्छा. हो हो. नकोच.”

मी म्हटलं, “राहू दे की. मला काही अडचण नाही.”

“नाही ताई, उगाच कशाला,” सिस्टर म्हणाली आणि माझ्यासाठी चहा आणायला गेली. मी मागितला नव्हता.

मला वाटतं, सिस्टरचं लग्न जमत नसावं. विचारणं बरं दिसत नाही. पण एकंदर या वर्गात सगळे मला फार जपतात. जिना चढताना कोणीतरी पिशवी घेतं. खुर्ची देतात. चव्वेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे, असं एकदा सांगावंसं वाटतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी यांचा फोन आला. मुलीची परीक्षा संपली की पंधरा दिवस तिकडे पाठव म्हणाले. मी म्हटलं, तिलाच विचारा, सतरा वर्षांची आहे. तिने फोन घेतला आणि गॅलरीत जाऊन अर्धा तास बोलली. दोनदा हसली. हे गेले तेव्हा ती सहावीत होती, एक शब्द बोलायची नाही. आता हसते. मला आनंद व्हायला हवा. झाला असावा. नक्की सांगता येत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मजकुराचा तक्ता माझ्याकडे आहे. एकतीस नावं. प्रत्येकापुढे फोटो आला का, आवाज आला का, मजकूर तपासला का, आणि शेवटी ‘स्थिती’. तीस जणांपुढे ‘आहे’ लिहिलं. एकतिसाव्यापाशी अडले.

एकतिसावे म्हणजे ड्रायव्हरदादा. पन्नाशीचे, शहरबस चालवायचे, माझ्या शेजारच्या बाकावर बसायचे. सहामाहीच्या आधी यायचे बंद झाले. कोणाला काही बोलले नाहीत. हजेरीपटावर त्यांच्या नावावर रेघ दिसली तेव्हा मला कळलं.

कारण माहीत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. पण ही वही जमा करायची नाही.

‘माझा रोजचा रस्ता’ या विषयावर नकाशा आणि मजकूर करायचा होता. दादांनी मला दोन पानं दिली. “ताई, जरा नजर घाला. तुमचा हात फिरला म्हणजे झालं.” मी नजर घातली. लाल शाईने एक्केचाळीस चुका काढल्या, एकेकीला क्रमांक देऊन, समासात शेरे लिहून. त्यांनी पानं हातात धरली आणि म्हणाले, “अरे बापरे, गोवर उठलाय की यांना.” हसले. पुढच्या शनिवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही.

त्यातलं एक वाक्य अजून आठवतं. ‘शेवटच्या थांब्यावर मी आरशात बघतो, कोणी मागे राहिलं का.’ एवढ्या चांगल्या वाक्यापाशी थांबून मी काय केलं, तर प्रश्नचिन्ह दिलं. ‘छान’ एवढी दोन अक्षरं लिहायला लाल शाई कमी पडली असती का?

‘माझ्या शाईमुळे’ असं तक्त्यात लिहिता येत नाही. शिवाय ते खरं आहे याचीही खात्री नाही, आणि खात्री नाही ते लिहायचं नाही हा एकोणीस वर्षांचा नियम. म्हणून रकान्यात फक्त ‘गेले.’ एवढंच लिहिलं. पूर्णविराम सवयीने पडला.

१६ फेब्रुवारी, रविवार

अर्धविरामाने तक्ता उघडला आणि एकतिसाव्या नावावर बोट ठेवलं.

“ताई, दादा गेले?”

“हो.”

“कधी?”

“सहामाहीच्या आधीच.”

“आणि आपल्याला कोणी सांगितलंसुद्धा नाही?”

“मलाही हजेरीपटावरची रेघ बघून कळलं.”

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. सिस्टर जवळ आली. “कशाने, ताई?”

“नक्की माहीत नाही,” मी म्हटलं. मग काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, “पण मला सारखं वाटतं, माझ्यामुळे.”

तिने माझा हात घट्ट धरला. “असं बोलायचं नाही. मी वॉर्डात रोज बघते. मागे राहिलेल्या प्रत्येकाला वाटतं, माझ्यामुळे. कोणी कोणामुळे जात नसतं, ताई.”

“शेवटच्या भेटीत मी फार लाल केलं होतं त्यांचं पान.”

हे तिला समजलं नसावं, पण तिने विचारलं नाही. नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. एका माणसाने क्लास सोडला तर एवढं? या मुलांचं मन मोठं आहे म्हणायचं, की मीच कोरडी झालेय?

ठरलं ते असं: दादांचं पान ठेवायचं, पण वेगळं. फोटो राखाडी, आणि इतरांना लिहायला जागा जास्त. वर्गात नाहीत म्हणून रंग नाही, हे मला तर्काला धरून वाटलं. मी होकार दिला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वर्गातल्या सगळ्यांना लिहायला सांगितल्यापासून दादांच्या पानावर एका आठवड्यात एकोणीस नोंदी आल्या. इतरांना दोन-तीन. मला चार, त्यातल्या दोन माझ्या शुद्धलेखनाबद्दल.

सगळ्या नोंदी आज तपासल्या. ‘तुमची जागा अजून रिकामी आहे. तिथे बसायची कोणाची हिंमत होत नाही.’ (तिथे मी पिशवी ठेवते. पण ठीक आहे.) ‘जिथे असाल तिथे सुखात असा.’ ‘इतका साधा माणूस पुन्हा होणे नाही.’ आणि एकाने तर लिहिलंय, ‘दादा, तुमचा पेन ड्राइव्ह मीच हरवला होता. तेव्हा सरळ नाही म्हणालो. आता सांगून काय उपयोग, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.’

बहुतेकांनी ‘होते’ लिहिलंय. हसतमुख होते, सांभाळून घेणारे होते. ‘होते’चं ‘आहेत’ करावं का, यात अर्धा तास गेला. शेवटी विचार केला, आपल्या वर्गात होते या अर्थी ‘होते’ बरोबर आहे. ठेवलं. अकरा ऱ्हस्वदीर्घ आणि सात स्वल्पविराम दुरुस्त केले.

एवढी माया होती तर यांच्यापैकी कोणी दादांना एक फोन का केला नाही? असा रागच आला मला. मग आठवलं, नंबर माझ्याकडेही होता.

माझी नोंद अजून कोरी आहे. तीन वेळा सुरुवात केली. ‘दादा, तुमच्या पानांवर मी’ इथपर्यंत येते आणि पुढे काही सुचत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

टेबलावर दादांचं पान उघडं होतं. मुलगी पाण्याची बाटली भरायला आली आणि वाकून बघत म्हणाली, “कोण गं वारलं?”

“कोणी नाही. क्लासमधले एक दादा आहेत, ते गेले, त्यांचं पान आहे.”

“म्हणजे वारले.”

“काहीतरी बोलू नकोस. गेले म्हणते मी.”

ती बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. बाटली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं तिच्या लक्षात नव्हतं.

“आई, ‘गेले’ म्हणजे काय?”

“गेले म्हणजे गेले. आता यात काय सांगायचं?”

“काही नाही,” म्हणाली आणि खोलीत गेली. दार नेहमीपेक्षा हळू लावलं. हे गेले तेव्हापासून ही अशीच, अर्ध्यावर बोलणं सोडते आणि मला वाटतं की उरलेलं अर्धं मला ठाऊक असायला हवं होतं.

१ मार्च, शनिवार

आज सगळ्यांना दुवा पाठवायचा होता, म्हणजे प्रत्येकाला आपलं पान बघून चुका कळवता येतील.

अर्धविराम म्हणाला, “दादांच्या घरी पण पाठवायला हवं ना? घरच्यांना बरं वाटेल.”

“घरी कशाला? त्यांच्याच नंबरवर पाठवते.”

“तो चालू असेल?”

“न असायला काय झालं?”

“नाही, बरोबर. घरचं कोणीतरी वापरत असेल,” तो पुटपुटला.

मी संदेश लिहिला, ‘सादर नमस्कार. आपल्याविषयी सर्वांनी मनापासून लिहिले आहे. सवडीने वाचावे.’ सिस्टरने खांद्यावरून वाचला. तिचे डोळे भरले. “किती छान लिहिता ताई. जणू काही ते आहेतच.”

“आहेतच की,” मी म्हटलं.

“हो. आहेतच,” ती म्हणाली आणि रुमाल शोधत बाहेर गेली.

मला या मुलांचं खरंच काही कळत नाही.

३ मार्च, सोमवार

वकिलांच्या ऑफिसात होते. अकराच्या सुमारास फोन.

“ताई का?”

“हो. कोण बोलतंय?”

“मी. राखाडी.”

“दादा! बरे आहात ना?”

“हेच कालपासून सगळे विचारतायत. फोन हिच्या हातात होता, मी आंघोळीला. बाहेरून दार बडवत ओरडली, ‘अहो, तुम्ही आहात ना?’ म्हटलं, साबण लावलाय, जाणार कुठे?”

मी हसले. मग विचारलं, “पण ओरडल्या का त्या?”

पलीकडून बसचा हॉर्न ऐकू आला.

“ताई, तुम्ही लोकांनी मारलंत की मला.”

“दादा, लाल शाईबद्दल मी खरंच...”

“लाल नाही हो. राखाडी.”

तेव्हाही लगेच कळलं नाही. फोन ठेवल्यावर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं आणि पहिल्या नोंदीपासून वाचलं, मला काहीच माहीत नाही असं धरून. एकोणीसच्या एकोणीस नोंदींत एक माणूस मेलेला होता, आणि मी त्यातले स्वल्पविराम तपासत होते.

वकील म्हणाले, “बाई, पाणी प्या.” इतका चेहरा उतरला असावा.

५ मार्च, बुधवार

सगळं सरांना सांगितलं. सिस्टर आणि अर्धविरामाला सोमवारीच फोनवर सांगितलं होतं. अर्धविराम म्हणाला, “पण ताई, तुम्ही पुढे पूर्णविराम दिला होता!”

सरांनी ऐकून घेतलं, मग टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, “वापरणारा गोंधळतो म्हणजे चुकीचं बटण दाबतो. आपण मेलो की काय, असा गोंधळ मी तीस वर्षांत ऐकला नव्हता.” मग गंभीर झाले. “त्यांच्या घरच्यांना धक्का बसलाय. त्यांनी तक्रार केली तर हा प्रकल्प मला स्वीकारता येणार नाही. शनिवारी येतायत ना? त्यांच्यावर आहे सगळं.”

म्हणजे माझी नोकरी आणि या दोघांचं वर्ष दादांवर आहे. आणि दादांची एक्केचाळीस चुकांची पानं माझ्यावर. पान तूर्त झाकून ठेवलंय. काढून टाकावं का? काढलं तर पुरावा लपवल्यासारखं, ठेवलं तर मस्करी केल्यासारखं. कळत नाही.

८ मार्च, शनिवार

दादा पाळी संपवून गणवेशातच आले. दारात उभे राहून म्हणाले, “घाबरू नका, जेवून आलोय. कोणाला खाणार नाही.” अख्खा वर्ग उभा राहिला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी रडलं, आणि पेन ड्राइव्हवाला मागच्या दाराकडे सरकायला लागला.

“तू! थांब तिथेच. नवा आणायचा. सोळा जीबीचा होता.”

“दादा, आठचा होता.”

“मेलेल्या माणसाशी घासाघीस करतोस?”

मग ते आमच्या टेबलापाशी येऊन बसले. मी उभीच. म्हटलं, “दादा, माझी चूक आहे. खरं म्हणजे दोन. तुम्ही माझ्या लाल शाईमुळे गेलात, हे मला ठाऊक...”

“कशामुळे?”

“एक्केचाळीस चुका काढल्या होत्या मी.”

ते पोट धरून हसले. “ताई, मी रोज चौकात सकाळपासून शिव्या खातो. तुमच्या शाईने पळेन होय? मार्ग बदलला माझा. शनिवार-रविवारची पाळी लागली. फी परत मागायला लाज वाटली, म्हणून कोणाला बोललो नाही. संपलं.”

बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्यात बारीकसा अपमानही होता, हे इथे लिहून ठेवते. चार महिने मी जे ओझं वाहिलं ते माझं नव्हतंच.

मग त्यांनी खिशातून ती दोन पानं काढली. घड्यांवर फाटायला आली होती, पण लाल शाई जशीच्या तशी. “सगळ्या दुरुस्त्या मी मुलीकडून नीट लिहून घेतल्या. पण काल एक्केचाळिसावी पुन्हा वाचली. मोठ्याने वाचा जरा, सगळ्यांना ऐकू द्या.”

त्यांचं वाक्य होतं, ‘म्हातारीला दवाखान्याच्या थांब्यावर उतरवलं आणि ती गेली.’ ‘गेली’ला लाल गोल. आणि समासात माझ्या अक्षरात: ‘४१. “गेली” संदिग्ध. वारली असा अर्थ निघतो. कुठे गेली, ते लिहावे.’

अर्धविराम टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. मीही हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

सिस्टर मात्र हसत नव्हती. हळूच म्हणाली, “ताई, आमच्या तरी डोक्यात वेगळं कसं येणार? तुम्ही नेहमी तसंच म्हणता ना. पहिल्या दिवशी ओळख करून देताना म्हणालात, हे गेले, मग छापखाना गेला, मग मी इथे आले.”

“हो. तसंच झालं.”

“मग... तुमचे मिस्टर...”

“त्यांचं काय? ते आहेत की. गेल्या महिन्यात फोन होता.”

सिस्टर खुर्चीवर बसली. अर्धविराम म्हणाला, “माझी आई दर शनिवारी विचारते हो, त्या बिचाऱ्या ताई कशा आहेत म्हणून.”

“आणि मी वर्षभर तुमच्यासमोर नवऱ्याचं नाव काढलं नाही,” सिस्टर म्हणाली. “जीभ चावून चावून. इतका छळतो तो, पण म्हटलं ताईंसमोर नको.”

“तुझं लग्न झालंय?” मी विचारलं.

“दोन मुलं आहेत, ताई.”

दादा आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होते. म्हणाले, “म्हणजे मी एकटाच नाही तर.”

शेवटी सर आले. दादांनी त्यांच्यासमोर पान उघडायला लावलं आणि सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या, चष्मा वर-खाली करत. आम्ही वाट बघत उभे. मग म्हणाले, “तक्रार कसली? एकही अक्षर काढायचं नाही. जिवंतपणी हे कोण लिहितं? रंग तेवढा भरा.”

९ मार्च, रविवार

मुलीला सांगितलं सगळं. वाटलं होतं, हसेल. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली.

“मला माहीत होतं,” म्हणाली.

“काय?”

“सगळ्यांना तसंच वाटतं ते. सहावीत तू शाळेत चिठ्ठी दिली होतीस ना, ‘हिचे वडील गेल्यामुळे ही आठवडाभर येऊ शकली नाही.’ बाईंनी मला वर्गासमोर उभं केलं आणि सांगितलं, हिच्याशी सगळ्यांनी नीट वागा.”

ती चिठ्ठी मला आठवते. दोन वेळा तपासली होती.

“मग तू सांगितलं का नाहीस?”

“सगळे नीट वागत होते ना.” तिने ताट जागेवर ठेवलं. “आणि मला वाटलं, तुला तसंच हवंय. म्हणून बाबा न्यायला यायचे तेव्हा मी त्यांना कोपऱ्यावरच थांबायला सांगायचे. मैत्रिणींनी बघितलं असतं तर तू खोटी पडली असतीस.”

सहा वर्षं. मी मुद्दाम केलं नव्हतं, असं तिला सांगितलं. तिने मान डोलावली. पण ते खरं आहे का, हे मी दुपारपासून तपासतेय. दादांच्या कागदावर तो शब्द मला एका नजरेत सापडला. स्वतःच्या तोंडात सहा वर्षं सापडला नाही. न सापडणं आणि न शोधणं यात फरक आहे. यातलं माझं कोणतं, ते कळत नाही.

१५ मार्च, शनिवार

सादरीकरण झालं. मोठ्या पडद्यासमोर ज्याला हवं त्याने येऊन बोट ठेवायचं. सगळ्यात जास्त बोटं दादांच्या फोटोवर पडली. फोटो रंगीत, आणि बोट ठेवलं की त्यांचा आवाज: ‘शेवटच्या थांब्यावर मी आरशात बघतो, कोणी मागे राहिलं का?’ प्रश्नचिन्ह ऐकू येतं. त्याच्याखाली माझी नोंद आहे, अखेर लिहिली. ‘दादा, हे वाक्य छान आहे. तेव्हाच सांगायचं राहिलं.’

मुलगी आली होती. तिने माझ्या फोटोवर बोट ठेवलं. ‘घरची मंडळी’ हा रकाना आम्ही परत घातलाय. त्यात मी लिहिलंय: ‘एक मुलगी. तिचे वडील दुसऱ्या गावी असतात.’ तिने ते वाचलं, मान वळवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “एप्रिलमध्ये बाबा घ्यायला येतील तेव्हा वर बोलवू? चहाला?”

“त्यांना साखर कमी लागते,” मी म्हटलं. हे उत्तर झालं का, मला माहीत नाही. तिला चाललं.

पास झालो. सरांनी तक्त्यातल्या ‘स्थिती’ रकान्याचे दोन गुण कापले. रास्त आहे.

१६ मार्च, रविवार

जमा करायची वही जमा केली. ही घेऊन बसले, लाल पेन घेऊन.

‘हे गेले’ असं, सिस्टरच्या तोंडचं सोडून, तीन ठिकाणी सापडलं. समासात क्रमांक घातले. १, २, ३. प्रत्येकापुढे तोच शेरा: संदिग्ध. कुठे, ते लिहावे.

पहिलं १ फेब्रुवारीचं. ‘हे’ आणि ‘गेले’ यांच्या मध्ये हंसपदाची खूण केली आणि ओळीच्या वर लिहिलं, ‘आम्हाला सोडून’. वाचून पाहिलं. मुलीला भेटायला येतात ते, कोपऱ्यावर उभे राहतात, फोन करतात. म्हणजे ‘आम्हाला’ चूक आहे. खोडलं. जागा थोडी उरली होती, त्यात बारीक अक्षरात ‘मला’ लिहिलं.

हे मला सोडून गेले.

परत वाचलं. शुद्ध आहे.